दसऱ्याचं गुरुत्वाकर्षण

माझा एकोणीस वर्षांचा सिद्धांत चुकीचा आहे हे सांगायला ‘पारखी’ला चाळीस सेकंद लागले. त्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. पुढची ओळ वाचली आणि मी भरल्या ताटावरून उठलो.

‘आपला सिद्धांत लक्षपूर्वक वाचला. चूक क्रमांक ८८. आपल्या आधी ही चूक एकसष्ट हजार तीनशे सात जणांनी केली आहे. कळावे.’

अहो, माणूस चुकतो. मी काही देव नाही. पण चुकण्यातसुद्धा एकसष्ट हजार तीनशे आठवा नंबर? आमच्या शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, “बरंय की. एवढी माणसं सोबतीला आहेत.” मग ताटावर ताट झाकून ठेवलं. तिला माहीत होतं, तासाभरात मी येऊन जेवणार.

मी मुरलीधर तांबट. धंदा काटेदुरुस्तीचा. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात सराफपेठ आहे, बत्तीस दुकानं. तिथला प्रत्येक काटा आधी माझ्या वडिलांनी आणि नंतर मी सांभाळला. शिक्षण बारावी, तेही रडतखडत. पण एकदा डोक्यात किडा वळवळायला लागला की मी ऐकत नाही, आणि माझ्या डोक्यातला किडा होता गुरुत्वाकर्षण.

माझं म्हणणं साधं होतं. पृथ्वी आपल्याला ओढत नाही. आपण वरून ढकलले जातो. अवकाशात सगळ्या दिशांनी अतिसूक्ष्म कण सतत धावत असतात असं समजा. तुम्ही एकटेच असाल तर सगळीकडून सारखाच मारा, त्यामुळे तुम्ही जागचे हलणार नाही. पण पायाखाली पृथ्वी आहे. ती खालून येणारे काही कण अडवते. म्हणजे वरून मारा पुरा आणि खालून थोडा कमी. झालं, तुम्ही खाली दाबले गेलात. लोक त्याला ओढ म्हणतात, मी म्हणतो ढकल.

आणि त्यावर माझी स्वतःची भर अशी, की हे कण सगळीकडे सारखे नाहीत. त्यांचा एक दाट पट्टा आहे, आणि सूर्याभोवती फिरताना पृथ्वी त्यातून वर्षातून दोनदा जाते, एकदा वसंतात आणि एकदा शरदात. त्या दिवसांत ढकल वाढते आणि वस्तू जड होतात. कशावरून? तर माझ्या काट्यांवरून. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत हे दिसायचं नाही, कारण इकडचं सोनं जड झालं तर तिकडचं वजनही तेवढंच जड होणार, दांडी सरळची सरळ. इलेक्ट्रॉनिक काट्याचं तसं नसतं. त्यात धातूची एक पट्टी असते, ती भारानं केसभर वाकते आणि ते वाकणं मोजून काटा आकडा दाखवतो. पृथ्वीनं जोर बदलला की आकडा बदलणार. तसा तो बदलत होता, वर्षातून दोनदा, एकतीस वर्षं. माझ्या वह्यांत होतं सगळं.

पण त्या वह्या मी कुणाला दाखवत नव्हतो. आमच्या धंद्यात काट्याला हात लावायच्या आधी दहा ग्रॅमचं वजन ठेवून तो किती दाखवतो ते लिहायचं, मग तो जुळवायचा आणि परत लिहायचं. एक रकाना ‘आल्यावेळी’, दुसरा ‘निघतेवेळी’. निघतेवेळीचा आकडा जगाला दाखवायचा. आल्यावेळीचा आकडा ही गिऱ्हाइकाची झाकली मूठ, ती तिसऱ्यासमोर उघडायची नाही, असं वडिलांनी मला पहिल्या दिवशी बजावलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पुरावा न दाखवता हा माणूस एकोणीस वर्षं वाद कुणाशी घालत होता? तर कणकट्ट्यावर. दोनशे चौदा सभासदांचा आमचा ऑनलाइन कट्टा. प्रकाश थकतो म्हणणारे निवृत्त तलाठी, इलेक्ट्रॉन गोल नसून चपटा आहे असं ठामपणे सांगणारे एक होमिओपॅथ, विश्व भाकरीसारखं फुगतंय म्हणून मधे पोकळ आहे म्हणणाऱ्या सोलापूरच्या एक बाई. सगळे हौशी, सगळे हट्टी. पण कट्ट्याचा एक नियम कडक होता, जुन्या शास्त्रार्थातून उचललेला. समोरच्याला खोडायचं असेल तर आधी त्याचा पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत इतकं नीट सांगायचं, की त्यानं स्वतः ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं लिहिलं पाहिजे. ते लिहून आलं की मग हवं तेवढं झोडा.

माझी प्रतिपक्षी म्हणजे वरुडच्या इंदुमती देवतळे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं सहायक म्हणून काढलेली. त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता की काळ वाहत नाही, आपणच त्यातून चालतो. तो मला कधी कळला नाही, पण त्यांना माझा पुरता कळला होता. माझा पूर्वपक्ष त्या असा मांडायच्या की वाचून वाटायचं, अरे वा, मी इतका हुशार आहे? आणि ‘हेच माझं म्हणणं’ म्हणालो रे म्हणालो की बाई एकेक वीट उचकटायला घ्यायच्या. “भाऊ, तुमच्या पट्ट्यानं वजन हजारात दोन भाग वाढते म्हणता. मग लंबकाचं घड्याळ त्या दिवशी दीड मिनिट पुढं पळालं पाहिजे. पळते का?” मी लिहायचो, लंबकाचं घड्याळ आता आहे कुणाकडे? त्या लिहायच्या, “माझ्याकडे आहे. नाही पळत.” अकरा वर्षं हे चाललं. आम्ही कधी भेटलो नव्हतो. त्यांच्याशी भांडल्याशिवाय माझा चहा उतरायचा नाही.

मग पारखी आलं.

पाच-सात देशांतल्या संस्थांनी मिळून ते बनवलं. मोठ्या शास्त्रज्ञांकडे आमच्यासारख्यांची हजारो पत्रं जातात आणि कचऱ्यात पडतात, हा अन्याय दूर करायचा म्हणून. गेल्या तीनशे वर्षांत जगात झालेल्या प्रत्येक प्रयोगाची नोंद त्यात घातलेली. तुम्ही तुमचा सिद्धांत तुमच्या भाषेत, साध्या शब्दांत सांगायचा. पारखी त्याची गणितं मांडतं, मग हे खरं असतं तर प्रत्येक प्रयोगात काय दिसलं असतं ते काढतं, आणि प्रत्यक्ष काय दिसलं त्याच्याशी ताडून पाहतं. माझ्या ढकलीची अडचण त्यानं चार ओळींत सांगितली. एवढे कण अडवून घेणारी पृथ्वी तापून वितळली असती, आणि पुढून येणाऱ्या कणांचा मार खात मंदावत जाऊन कधीच सूर्यात पडली असती. चार ओळी. बाईंनी याला चार वर्षं घेतली होती, आणि काय मजा आली होती.

पारखी निकाल तीन प्रकारचे देतं. ‘जुनी चूक’ म्हणजे आधी कुणीतरी करून ठेवलेली, तिला क्रमांक असतो. ‘अनुत्तरित’ म्हणजे खरंखोटं अजून कुणालाच ठाऊक नाही. असे निकाल आजवर दोन, दोन्ही प्राध्यापकांचे. आणि मधला, ‘नवी चूक’. जी माणसाच्या इतिहासात आजवर कुणीच केली नाही अशी. जगात वर्षाला तीस-चाळीस निघतात. तिला चूक करणाऱ्याचं नाव देतात आणि शास्त्रज्ञ ती बारकाईनं वाचतात, कारण नवी चूक व्हायला माणूस अशा जागी जाऊन उभा राहिलेला असावा लागतो जिथे आधी कुणी पाहिलंच नव्हतं. दोन वर्षांत अशी तऱ्हा झाली की बरोबर ठरायची हौस कुणाला उरली नाही. सगळ्यांना एकच ध्यास, नवी चूक.

आमच्या कट्ट्यावर मात्र सगळ्या जुन्या निघाल्या. तलाठ्यांची १२, होमिओपॅथांची ३०१, भाकरीवाल्या बाईंची चक्क ४. क्रमांक मिळाला की माणूस गप्प व्हायचा, मग दिसेनासा व्हायचा. दोनशे चौदांचे नऊ राहिले. देवतळेबाईंना ४१२ मिळाला त्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘आता वाद कशाचा घालावा? मशीनला विचारलं की झालं.’ आणि त्याही गेल्या.

मी महिनाभर चिडचिडा झालो. चहा गोड लागेना. शेवटी शैला म्हणाली, “तुमचं दुखणं तो नंबर नाही. भांडायला माणूस उरलं नाही, हे दुखणं आहे. माझ्याशी भांडताय, पण मला त्यातलं काही कळत नाही.”

खरं होतं. आणि एक वाट होतीही. क्रमांक मिळालेला सिद्धांत पारखी परत घेत नाही, पण नवा पुरावा जोडला, आणि सिद्धांत न पटणाऱ्या माणसानं लिहिलेला त्याचा पूर्वपक्ष जोडला, तर एकदाच घेतं. आपलं म्हणणं आपण मांडलं की अडचणीच्या जागा नकळत झाकल्या जातात, म्हणून ही अट. पुरावा माझ्या कपाटात होता. न पटणारं माणूस वरुडला होतं.

मी बत्तीस दुकानांची नावं पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकली, वर नुसते आकडे टाकले, एक ते बत्तीस. वडिलांच्या फोटोकडे न बघता वह्या पिशवीत भरल्या आणि मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली. बडनेऱ्याला उतरून एसटीनं वरुड.

बाई दारातच उभ्या होत्या. माझ्या अंदाजापेक्षा बुटक्या, आणि आवाज अंदाजापेक्षा मोठा. “या ना भाऊ. वाटलं होतं तुम्ही उंच असान. लिहिता तर मोठे तावातावानं.”

“मला वाटलं होतं तुम्ही रागीट असाल.”

“आहे ना. आधी जेवून घ्या, मंग पाहा.”

गोळाभात खाल्ला, वरून फोडणीचं तेल ओतून. मग अंगणात संत्र्याच्या झाडाखाली खाट टाकली आणि मी वह्या उघडल्या. बाईंनी अकरा वर्षं या वह्या मागितल्या होत्या. आता हातात आल्या तेव्हा त्या पदर खोचून वाचत बसल्या. दोन दिवस वाचत होत्या. मधे फक्त प्रश्न.

“हे आल्यावेळीचे आकडे बाकी वर्षभर बरोबर दहा ग्रॅम. दोनदाच दहा ग्रॅम वीस मिलिग्रॅम. हे दोन दिवस कोणते?”

“पाडवा आणि दसरा.”

“त्याच दिवशी का जाता?”

मी सांगितलं. आमच्या घरची रीतच आहे. पाडव्याला पेठेतल्या प्रत्येक काट्याला साखरेची गाठी घालायची, दसऱ्याला संध्याकाळी आपट्याचं पान वाहायचं. दुकानात ही गर्दी असते. पण गेलो की वजन ठेवून काटा बघायचा, पुढे असला तर तिथल्या तिथे जुळवायचा, चहा प्यायचा, पुढच्या दुकानात जायचं. बाकी सर्व्हिसिंग आधी फोन करून ठरलेल्या दिवशी.

“बत्तीस दुकानांत वजन एकोणीसच ठिकाणी वाढते. बाकी तेरांचं काय?”

“त्यांच्यावर पेठेमागच्या टेकडीची सावली पडते. टेकडी कण अडवते,” मी म्हणालो. हे मी सहा वर्षांपूर्वी विचार करून काढलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

बाईंचा आवाज एकदम हळू झाला. तो मला जास्त जड गेला.

“भाऊ, दोन हजार सव्वीस साली अधिक ज्येष्ठ आला होता. त्यानं दसरा लांबला, वीस ऑक्टोबरले गेला. तुमच्या वहीत त्या दिवशी एकोणीस दुकानांत वजन वाढलेलं आहे. बरोबर?”

“बरोबर.”

“दुसऱ्या वर्षी दसरा नऊ ऑक्टोबरले झाला. तेव्हाही वाढलं. पण त्या साली वीस ऑक्टोबरले तुम्ही पेठेत सर्व्हिसिंगले गेले होते. पाहा. सगळीकडे बरोबर दहा ग्रॅम. सूर्याभोवती पृथ्वी दोन्ही वर्षी वीस ऑक्टोबरले एकाच जागी होती ना?”

मी वही ओढून घेतली. मग दुसरं अधिक वर्ष काढलं, तिसरं काढलं.

“पृथ्वीले अधिकमास कळत नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “माणसाले कळते.”

मी खाटेवरून उठलो आणि संत्र्याच्या झाडांमधून चालत कुंपणापर्यंत गेलो. एक सांगतो, काटा कसा फिरवतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. धंदाच माझा तो. कॅलिब्रेशनला जरासं हलकं वजन ठेवलं की दहा ग्रॅमला वीस मिलिग्रॅम जास्त दाखवायला लागतो, पोरखेळ आहे. बाहेरगावच्या किती काट्यांत मी तो प्रकार पकडला होता. पण आमची पेठ? त्या एकोणीस दुकानांतल्या सात जणांबरोबर मी विटी-दांडू खेळलो होतो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला ते होते. मुहूर्ताच्या दिवशी गर्दी उसळली की ते काटा फिरवतात, हा विचार एकतीस वर्षांत एकदासुद्धा माझ्या डोक्यात आला नाही. त्यापेक्षा मी सूर्यमालेत कणांचा पट्टा बसवला, टेकडीला सावली दिली. मला फार वाईट वाटलं. स्वतःच्या मूर्खपणाचं वाटलं, आणि त्यांचंही वाटलं.

परत आलो तेव्हा बाई कागदावर लिहीत होत्या.

“आता काय लिहिताय? संपलं की.”

“पूर्वपक्ष. नियम म्हणजे नियम.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “पाहा, हेच तुमचं म्हणणं आहे का.”

मी वाचलं.

‘मुरलीधर तांबट यांचं म्हणणं असं. पेठेतले एकोणीस काटे वर्षातून दोन दिवस दहा ग्रॅमच्या वजनाला दहा ग्रॅम वीस मिलिग्रॅम दाखवतात. काटे चांगले आहेत, कारण ते तांबटांनी स्वतः जुळवलेले आहेत. दुकानदार चांगले आहेत, कारण तांबट त्यांना लहानपणापासून ओळखतात. तेव्हा त्या दोन दिवशी पृथ्वीच बदलत असली पाहिजे. हे दिवस तिथीप्रमाणे सरकतात ही अडचण तांबटांना मान्य आहे. पण आपली माणसं खोटं वागतात यापेक्षा पृथ्वी पंचांग पाहते, हे त्यांना जास्त शक्य वाटतं.’

अकरा वर्षांत बाईंनी माझे कितीतरी पूर्वपक्ष मांडले होते. हा वाचताना मला पहिल्यांदा कळलं की माझा सिद्धांत कशावर उभा होता. कण, पट्टा, सावली, सगळं वरवरचं. खाली हे एवढंच होतं. आणि मजा सांगू का, वाईट वाटायचं थांबलं. मला हसू यायला लागलं. बाईही हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

“लिहा,” मी म्हणालो, “हो, हेच माझं म्हणणं.”

त्यांच्याच फोनवरून आम्ही ते धाडलं, वह्यांच्या फोटोंसकट. चाळीस सेकंद झाले. काही आलं नाही. दोन मिनिटं झाली. बाई संत्री सोलत बसल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, “मशीनले घाम फुटला असंल.” अकरा मिनिटांनी उत्तर आलं.

‘आपला सिद्धांत लक्षपूर्वक वाचला. तो चुकीचा आहे. वजनातला फरक गुरुत्वाकर्षणामुळे नसून काट्यांच्या मांडणीतल्या मानवी हस्तक्षेपामुळे आहे. मात्र मोजणाऱ्या माणसांची सचोटी अढळ धरून, तिच्यासाठी निसर्गाचा नियम बदलू पाहणारा सिद्धांत यापूर्वी नोंदीत नाही. नवी चूक. क्रमांक ९०४१. नाव सुचवावे.’

बाईंनी ‘तांबट-चूक’ लिहायला घेतलं. मी फोन काढून घेतला आणि ‘देवतळे-तांबट’ लिहिलं. त्यावरून आमचं जे भांडण जुंपलं ते मी एसटीत बसेपर्यंत चाललं. गाडी हलली तेव्हा मला जाणवलं की किती महिन्यांनी मला इतकी भूक लागली आहे.

पुढच्या पंधरा दिवसांत काय काय झालं. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं आली. कण शोधणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी लिहिलं, की आमच्या गटात आम्ही कोणावर न तपासता विश्वास ठेवतो याची यादी करायला बसलो आणि यादी संपेना. कट्ट्यावर तर पूर आला. तलाठी परत आले, होमिओपॅथ आले. आता सगळे एकमेकांना सांगायला लागले, माझा पूर्वपक्ष तुम्ही मांडा हो, बघू मी मुळात काय धरून चाललोय. प्रकाश थकतो म्हणणाऱ्या तलाठ्यांना कळलं की त्यांना नोकरीच्या शेवटच्या वर्षी फार थकायला झालं होतं. तिघांनी तर मिळून नव्या चुकांची तयारी सुरू केली. ४१२ क्रमांकाच्या देवतळेबाईंचा पूर्वपक्ष मी मांडायला घेतला, आणि तो अजून त्यांना पसंत पडलेला नाही.

हे सगळं छान. पण नवी चूक जगजाहीर होते. दुकानांची नावं मी झाकली होती, तरी पेठेतल्या माणसांना स्वतःचा आकडा ओळखायला कितीसा वेळ लागणार? मला पेठेतून एकही फोन आला नाही. महिनाभर सर्व्हिसिंगला कुणी बोलावलं नाही. आणि दसरा आठवड्यावर आला.

“तुम्हाले ते काट्याले हात लावू देणार नाहीत, भाऊ,” बाई फोनवर म्हणाल्या. “मी असती तर दार लावून घेतलं असतं.”

माझीही हीच भीती होती. सिद्धांत गेला त्याचं काही नाही, पण एकतीस दसरे ज्या ओट्यांवर चहा प्यायलो ते ओटे गेले तर मी जाणार कुठे? दसऱ्याला संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन नुसताच बसून राहिलो. शैलानं वजनांची पेटी आणून माझ्या मांडीवर ठेवली. “उठा. मीपण येते. चुकलं त्यांचं, अन् लपताय तुम्ही?”

पहिलं दुकान सदाशिव वेदपाठकचं. शाळेत आम्ही एका बाकावर. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मला बघून तो गल्ल्यावरून उठला आणि गर्दीतून वाट काढत पायरीवर आला. मी पान पुढे केलं. त्यानं ते घेतलं आणि हातात धरून उभा राहिला.

“मुरल्या,” तो म्हणाला, “आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं, तुला माहीत आहे. दरवर्षी येतोस, काटा मुकाट्यानं जुळवतोस, चहा पिऊन जातोस. वाटायचं, मोठ्या मनानं गप्प बसतोस. अन् तू आमच्यासाठी पृथ्वी फिरवत बसला होतास.” त्याचे डोळे भरून आले होते. “चल आत,” तो म्हणाला, “वजन ठेव.”

गिऱ्हाइकं बाजूला सरकली. मी पेटी उघडली, चिमट्यानं दहा ग्रॅमचं वजन उचललं आणि काट्यावर ठेवलं. आकडे फिरले आणि थांबले. दहा पूर्णांक शून्य शून्य शून्य.

मी पुढच्या दुकानात गेलो. दहा. त्याच्या पुढच्या. दहा. बातमी माझ्या पुढे धावत होती. दुकानदार आधीच पायरीवर येऊन उभे असत आणि थेट काट्याकडे हात करत. टेकडीच्या सावलीतल्या तेरा दुकानांनी तर हट्टानं आधी आमच्याकडे या म्हणून ओढून नेलं, कारण आता त्यांनाही आपला काटा सगळ्यांसमोर दाखवायचा होता. चहा एवढा झाला की शैलानं शेवटी हात जोडले.

त्या एकोणिसांतलं शेवटचं दुकान झाल्यावर मी पेठेच्या टोकाला कट्ट्यावर टेकलो, वही उघडली आणि आल्यावेळीच्या रकान्यात खालपर्यंत दहा, दहा, दहा असं लिहीत गेलो. यंदा दसऱ्याला आमच्या पेठेत गुरुत्वाकर्षण वाढलं नव्हतं. पट्टा नाही, सावली नाही, काही नाही. शेवटचे तीन आकडे मला नीट दिसेनात, कागदावर शाई पसरली.

शैलानं वाकून पाहिलं. “रडताय काय? हरलात म्हणून?”

“हो,” मी म्हणालो. “पार हरलो.”